लेखकांचे चेहरे आणि एक रेषालेखक

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या २७ तारखेस, म्हणजे कविवर्य कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आमच्या शाळेत मराठी भाषा दिन साजरा झाला. त्या प्रसंगी विद्यार्थ्यांनी काढलेली मराठी लेखकांची सतरा चित्रे सभागृहाच्या भिंतीवर लावण्यात आली होती. पाहावयास येणाऱ्या पालकांची थोडी करमणूक व्हावी म्हणून प्रत्येक चित्राखालील नावावर आम्ही कागदाची पट्टी चिकटविली होती. चित्र पाहावे, नाव ओळखावे, मग पट्टी उचलून खात्री करून घ्यावी, अशी योजना होती. ती फसली असे म्हणावयास हरकत नाही. बहुतेक चित्रांपुढे मंडळी घटकाभर उभी राहत, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत आणि निमूटपणे पट्टी उचलीत. एका चित्राच्या पट्टीला मात्र कोणासच हात लावावा लागला नाही. गोमाईकाठी शेती करणारे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचे शिक्षण चौथीच्या पलीकडे गेलेले नाही, दारातूनच उद्गारले, "अरे, हे तर पु. ल.!"

त्या चित्रात होते तरी काय? किंचित पुढे आलेले दात, चष्मा, कुरळ्या केसांच्या दोन लाटा. सगळ्या मिळून दहाबारा रेघा. नाक जवळजवळ नव्हतेच, आणि हनुवटी एका अंगास घसरली होती. स्पर्धेचे परीक्षक आम्हीच होतो. पहिले बक्षीस आम्ही दिले ते एका अतिशय स्वच्छ, छायाप्रकाश उत्तम साधलेल्या, प्रमाणबद्ध चित्रास, की जे त्या दिवशी एकाही पाहुण्याने ओळखले नव्हते. पु. लं.च्या चित्रास उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले नाही. ते काढणारा मुलगा नववीत होता. त्याने तक्रार केली नाही. परंतु पुढे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे अर्ज भरून झाले, तेव्हा त्या यादीत त्याचे नाव नव्हते. कारण विचारता तो खाली मान घालून म्हणाला, "सर, माझं चित्र बरोबर येत नाही."

हे उत्तर आमच्या मनास लागून राहिले. 'बरोबर' म्हणजे काय, हे त्याला बहुधा आमच्याच निकालाने शिकविले होते. ह्या लेखाचे मूळ तेथे आहे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी अनुसरलेली रीत अशी. लेखकाचे छापील छायाचित्र घ्यावयाचे, त्यावर पट्टीने सारख्या चौकटी पाडावयाच्या, मोठ्या कागदावर तितक्याच परंतु मोठ्या चौकटी आखावयाच्या आणि प्रत्येक चौकटीतील रेघ जशीच्या तशी उतरवून घ्यावयाची. ही रीत वाईट नव्हे. युरोपातील थोर चित्रकारही लहान कच्चे चित्र भिंतीवर वाढवून घेताना हिचा उपयोग करीत. हिने प्रमाण चुकत नाही आणि हातास शिस्त लागते. तथापि चौकटी मोजणाऱ्याची नजर एका वेळी एकाच चौकटीवर खिळलेली असते. त्याला डोळ्याचा कोपरा दिसतो, माणूस दिसत नाही. शिवाय मूळ छायाचित्र तरी कसले असते? कॅमेऱ्याची झडप एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाइतकी उघडते व मिटते, आणि नेमक्या त्याच वेळी लेखकमहाशय, आता आपला फोटो निघणार, म्हणून श्वास रोखून ताठ बसलेले असतात. ज्या क्षणी मनुष्य स्वतःसारखा सर्वांत कमी दिसतो, तो क्षण आपण चौकटी पाडून मोठा करतो.

ह्याच्या उलट दिशेने जाणारी एक कला आहे. तिला आपल्याकडे सर्रास 'व्यंगचित्र' म्हणतात; परंतु माणसाच्या चेहऱ्यापुरता बोलावयाचे तर 'अर्कचित्र' हा शब्द आम्हांस अधिक आवडतो. व्यंग म्हणजे उणीव. अर्क म्हणजे काढून घेतलेले सत्त्व. इटलीतील बोलोन्या शहरी सोळाव्या शतकाच्या अखेरीस कारात्ची घराण्यातील चित्रकार गमतीखातर माणसांची अशी चित्रे काढीत असत. त्यांच्या भाषेतील 'लादणे' किंवा 'भार घालणे' ह्या अर्थाच्या क्रियापदावरून ह्या कलेचे युरोपीय नाव पडले. चेहऱ्यावर जे मुळातच थोडे अधिक आहे, त्यावर आणखी थोडा भार घालावयाचा, हे त्यातील इंगित होय. आपण माणूस ओळखतो तो त्याच्या नाकाची लांबी मोजून ओळखीत नाही. चारचौघांहून त्याच्यात जे वेगळे आहे, तेवढेच आपल्या स्मरणात राहते. अर्कचित्रकार नेमके ते वेगळेपण वाढवितो आणि बाकीचे गाळतो. १९८७ साली पाश्चात्य मानसशास्त्रज्ञांनी संगणकाकडून परिचित माणसांची रेखाचित्रे करवून घेतली. काही हुबेहूब, काही मुद्दाम अतिशयोक्त. पाहणाऱ्यांनी अतिशयोक्त चित्रे अधिक लवकर ओळखली, असे त्यांना आढळून आले. आमच्या सभागृहातील वृद्ध गृहस्थांनी हाच प्रयोग, कोणतेही यंत्र न वापरता, करून दाखविला होता.

मराठी लेखकांचे चेहरे ह्या रीतीने महाराष्ट्राच्या डोळ्यांत ज्यांनी कायमचे बसविले, त्यांचे नाव वसंत सरवटे. ३ फेब्रुवारी १९२७ रोजी कोल्हापुरास त्यांचा जन्म झाला आणि २४ डिसेंबर २०१६ रोजी ते निवर्तले. कोल्हापूर ही चित्रकारांची भूमी. आबालाल रहिमान त्याच नगरीचे, आणि स्वतःच्या हिमतीवर चित्रकला, शिल्प व पुढे चित्रपट अशा तिन्ही प्रांतांत नाव मिळविणारे बाबूराव पेंटर हेही तेथलेच. तरी सरवटे कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. ते स्थापत्य अभियंता झाले, आणि ए. सी. सी. ह्या सिमेंट कंपनीत त्यांनी नोकरी केली. चित्रकला ही त्यांनी नोकरीच्या वेळाबाहेर स्वतःच स्वतःला शिकविलेली विद्या होती.

'स्वयंशिक्षित' ह्या शब्दाविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ज्याला कोणी शिकविले नाही तो काही न शिकताच चित्रकार झाला, जणू देवाने हात धरून काढविले, असे लोकांना वाटते. खरा प्रकार निराळा आहे. सरवटे ह्यांनी परदेशी व्यंगचित्रकारांचा असा कसून अभ्यास केला की त्यावर त्यांनी 'परकी चलन' नावाचे पुस्तकच लिहिले. 'व्यंगचित्र : एक संवाद' ह्या पुस्तकात त्यांनी आपल्या कलेचा विचार वाचकांपुढे मांडला. शाळेत जाणाऱ्यास शिक्षक सांगतो की ही रेघ चुकली. घरी बसून शिकणाऱ्यास तेच स्वतः ओळखावे लागते, आणि ते ओळखावयाचे तर थोरांच्या शेकडो रेघा डोळ्यांखालून गेल्या पाहिजेत. आमच्या भिल्ल व पावरा विद्यार्थ्यांना एकलव्याची कथा सांगावी लागत नाही. ती त्यांचीच आहे. परंतु त्या कथेतील अंगठ्याचा भाग सर्वांस पाठ असतो. मातीच्या मूर्तीपुढे त्याने एकट्याने किती दिवस नेम धरला असेल, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

येथे आणखी एका चित्रकाराची आठवण करावीशी वाटते. म्हैसूरचे आर. के. लक्ष्मण ह्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश मागितला होता, तो त्यांना नाकारण्यात आला. पुढे त्याच मुंबईत वृत्तपत्राच्या पानावरील त्यांचा चौकडीच्या कोटातील 'कॉमन मॅन' घरोघर जाऊन बसला. लक्ष्मण ह्यांचे वडील बंधू आर. के. नारायण हे थोर कादंबरीकार. त्यांच्या कथांना धाकट्या भावाने चित्रे काढली. म्हणजे लेखक घरातच होता. सरवटे ह्यांना तो शोधत बाहेर जावे लागले.

तो त्यांना सापडला तो पुस्तकांत व पुस्तकवाल्यांच्या संगतीत. मुंबईस गिरगावात मॅजेस्टिक बुक स्टॉलचे केशवराव कोठावळे ह्यांनी १९६४ साली 'ललित' हे मासिक सुरू केले. ग्रंथ आणि ग्रंथकार हाच त्याचा विषय. त्यात 'घटका गेली, पळे गेली' ह्या नावाचे एक खुसखुशीत सदर येत असे, व ते लिहिणारा आपणांस 'ठणठणपाळ' म्हणवीत असे. साहित्यिकांच्या लकबी, भांडणे, मानापमान, सत्कार ह्यांवर त्याचा हातोडा पडे. पण जखम होत नसे, टेंगूळ मात्र येई. ह्या नावामागे कादंबरीकार व नाटककार जयवंत दळवी (१९२५–१९९४) होते. ह्या ठणठणपाळाला सरवटे ह्यांनी रूप दिले. खांद्यावर भला थोरला हातोडा घेतलेली ती मूर्ती दळवींसारखी मुळीच दिसत नव्हती, आणि दिसून चालणारही नव्हते. तरीसुद्धा वाचकांच्या मनात त्या सदराचा लेखक म्हणून तीच ठसली. जो लेखक अस्तित्वात नाही त्याचेही चित्र काढता येते, आणि ते त्याच्या लिखाणाशी इतके जुळते की खऱ्या लेखकाचे छायाचित्र पाहून वाचक हिरमुसावा! ह्याचा अर्थ असा की सरवटे चेहरा पाहून चित्र काढीत होते हे अर्धेच सत्य आहे. आधी ते मजकूर वाचीत होते.

'ललित'च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे त्यांनी वर्षानुवर्षे रंगविली. एखादा प्रसंग कल्पून त्यात ते मराठीतील लेखक-लेखिकांचा मेळावाच भरवीत. घरी अंक आला की मोठी माणसे आधी मुखपृष्ठ समोर धरून, हे कोण, ते कोण, असा शोध करीत. अशा चित्रात एकेक आकृती केवढी असते? बोटाच्या पेराएवढी. तेवढ्यात डोळे-नाक-ओठ ह्यांचे बारकावे मावत नाहीत. मग ओळख कशाने पटते? खांदे कसे उतरतात, मान कोणत्या अंगास कलते, धोतर आहे की पाटलोण, हात पाठीमागे बांधले आहेत की हवेत फिरत आहेत, ह्यांवरून. आपण आपल्या वडिलांना रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे असतानाही ओळखतो, त्यातलाच हा प्रकार. आम्हांस वाटते की येथे त्यांची अभियंत्याची विद्या त्यांना उपयोगी पडली असावी. इमारतीच्या नकाशात जी रेघ भार पेलत नाही ती काढण्याचे प्रयोजन नसते, आणि सरवटे ह्यांच्या चित्रातही रिकामटेकडी रेघ शोधू गेल्यास सहसा सापडत नाही.

पु. ल. देशपांडे, विंदा करंदीकर अशा लेखकांच्या पुस्तकांसाठीही त्यांनी चित्रे काढली. त्यांच्या निवडक कामाचा जो ग्रंथ पुढे निघाला त्याचे नावच 'रेषालेखक : वसंत सरवटे' असे आहे. रेषेने लिहिणारा, हे नाव आम्हांस फार अन्वर्थक वाटते. लेखकांत बसून, लेखकांचे वाचून, लेखकांविषयी जो शाईनेच बोलला, त्याला दुसरे काय म्हणावे?

काही चेहरे मात्र अशा कलावंतालाही अवघड. धारवाडचे कथाकार जी. ए. कुलकर्णी लोकांत मिसळत नसत व डोळ्यांवर काळा चष्मा ठेवीत. चेहऱ्यातील डोळेच झाकले तर राहिले काय? परंतु गंमत अशी की तो काळा चष्माच त्यांची खूण होऊन बसला. माणूस स्वतःला लपवितो तीसुद्धा त्याची ओळखच असते.

आता थोडे दूरच्या एका बेटाकडे जावयाचे आहे, कारण हाच प्रश्न तेथे एका चित्रकाराने अगदी निराळ्या मार्गाने सोडविला. आयर्लंडमधील डब्लिन शहरी १९१६ साली लुई ल ब्रॉकी ह्यांचा जन्म झाला. घरचा तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता व त्यात ते काम करीत. त्यांच्या मातोश्री सिबिल ह्या स्वतः लेखिका. तेव्हा लेखक ही काय वस्तू असते हे मुलाने लहानपणीच जवळून पाहिले. १९३८ साली कारखाना सोडून ते युरोपात गेले, कोणत्याही कलाशाळेत नाव न घालता लंडन, पॅरिस, व्हेनिस येथील चित्रसंग्रह त्यांनी पाहिले, आणि स्पेनमधील यादवी युद्धामुळे माद्रिदच्या प्रादो संग्रहातील चित्रे तेव्हा जिनीव्हा येथे आणून मांडली होती, तीही पाहिली. हेच त्यांचे विद्यालय.

ह्या ब्रॉकी महाशयांची एक हकीगत आम्ही आमच्या परीक्षकपणाच्या संदर्भात विशेष लक्षपूर्वक वाचली. १९५१ साली त्यांनी 'एक कुटुंब' ह्या नावाचे मोठे चित्र रंगविले. ते डब्लिनच्या नगरपालिकेच्या चित्रसंग्रहास देणगी म्हणून देऊ केले असता परीक्षकांनी ते फुकटसुद्धा घेतले नाही. १९५६ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याच चित्रास पारितोषिक मिळाले, आणि २००२ साली ते आयर्लंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात सन्मानाने दाखल झाले. चित्रकार तेव्हा पंचाऐंशी वर्षांचा होता. २०१२ साली तो वारला.

त्यांची कीर्ती मुख्यतः राहिली ती लेखकांच्या मस्तकचित्रांमुळे. १९७५ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या व्यक्तींच्या चित्रांचा एक संच स्वीडनमध्ये तयार होत होता, आणि त्यासाठी ब्रॉकी ह्यांनी कवी डब्ल्यू. बी. येट्स ह्यांची निवड केली. येट्स हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. रवींद्रनाथांच्या इंग्रजी 'गीतांजली'ला १९१२ साली प्रस्तावना लिहिणारे ते हेच. ब्रॉकी चित्र काढू लागले, पण एका चित्राने त्यांचे समाधान होईना. तरुण येट्स निराळा, म्हातारा येट्स निराळा. प्रेमकविता लिहिणारा एक, राजकारणात पडलेला दुसरा. शेवटी त्यांनी एकाच कवीची शंभर चित्रे काढली व १९७६ साली ती पॅरिस येथे मांडली. पुढे जेम्स जॉइस ह्या कादंबरीकाराची त्यांनी एकशेवीस केली; मग सॅम्युअल बेकेट, शेमस हीनी आदींचीही. त्यांच्या चित्रात पांढऱ्याशुभ्र पटातून एक चेहरा हळूहळू वर येत असल्यासारखा दिसतो. कडा कोठेच पक्क्या नाहीत, गळा नाही, खांदे नाहीत, सदरा नाही. मस्तक ही आत्म्याची पेटी होय अशी प्राचीन केल्टिक लोकांची समजूत होती, आणि तिचे ब्रॉकी ह्यांना मोठे आकर्षण होते.

सरवटे ह्यांची काळी, ठाम, हसरी रेघ एकीकडे आणि ब्रॉकी ह्यांचा धुक्यातून उमटणारा चेहरा दुसरीकडे. ह्यांत बाह्यतः काही साम्य नाही. आमच्या माहितीप्रमाणे एकाचा दुसऱ्याशी संबंधही आला नाही. परंतु एक गोष्ट दोघांनाही कळली होती, आणि ती चौकटी पाडून कळत नाही. सरवटे तीच माणसे पुन्हा पुन्हा, वर्षे लोटत गेली तशी, काढीत राहिले. ब्रॉकी ह्यांनी एकाच माणसाची शंभर रूपे एकाच भिंतीवर लावली. कोणताच चेहरा एका चित्रात संपत नाही, ही ती गोष्ट.

ह्यावर कोणी विचारील की ज्यांचा चेहरा कोणी पाहिलेलाच नाही त्यांचे काय? श्रीज्ञानेश्वरांचे त्यांच्या हयातीत काढलेले चित्र नाही. तुकोबांचा जो चेहरा आज पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येतो तो वास्तविक विष्णुपंत पागनीस ह्या नटाचा आहे. १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने काढलेल्या 'संत तुकाराम' ह्या चित्रपटापासून तो मराठी मनात रुजला. अभंग वाचून आणि गाऊन पागनीसांनी जो चेहरा स्वतःच्या चेहऱ्यावर आणला, तो लोकांनी खरा मानला. आमच्या शुभवर्तमानांत तर ह्याहून नवल आहे. मत्तय, मार्क, लूक व योहान अशा चौघांनी येशूचे चरित्र लिहिले. पण तो उंच होता की ठेंगणा, डोळे कसे, केस कसे, ह्याविषयी एकही शब्द कोणी लिहिलेला नाही. लूक हा व्यवसायाने वैद्य, म्हणजे शरीराकडे पाहण्याची सवय असलेला. शिवाय तो चित्रकारही होता अशी युरोपात जुनी आख्यायिका आहे, आणि तेथील चित्रकारांच्या संघांनी त्याला आपला पालक संत मानले होते. त्यानेसुद्धा चेहरा वगळला. तरी त्या चार पुस्तकांतून एक व्यक्ती उभी राहते व ती ओळखू येते.

शब्दांनी काढलेल्या चित्राचे आपल्या भाषेतील सर्वांत उत्तम उदाहरण द्यावयाचे तर लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथाचे द्यावे लागेल. त्याही स्वयंशिक्षितच. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. लिहावाचावयास शिकल्या त्या लग्नानंतर, पतीच्या आग्रहाने. आणि त्यांनी चित्र काढले ते एका लेखकाचे, आपल्या पतीचे, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. त्यांचा संताप, त्यांचा विसराळूपणा, हातचे दुसऱ्यास देऊन मोकळे होण्याचा स्वभाव, ह्यांपैकी काहीही झाकलेले नाही. टिळकांचे दोष वाचताना आपण हसतो आणि हसता हसता त्यांच्यावर आपला जीव जडतो. आमच्या खानदेशातील धरणगावचे बालकवी ठोंबरेही त्या ग्रंथात टिळकांच्या घरात वावरताना भेटतात. बालकवींचे छापील चित्र आमच्या मुलांनी चौकटी पाडून काढले होते. 'स्मृतिचित्रे'तील ठोंबरे वाचून काढले असते तर ते कसे झाले असते, असे आमच्या मनात पुष्कळदा येऊन गेले.

आता त्या मुलाविषयी. ह्या सर्व वाचनानंतर आम्ही त्याला बोलावून विचारले की पु. लं.चे चित्र तू कोणत्या फोटोवरून काढलेस? तो म्हणाला की फोटो नव्हताच. त्याचे आजोबा रात्री मोबाईलवर पु. लं.चे कथाकथन लावतात. तो शेजारी अंथरुणावर पडून ते पाहतो. "बोलताना त्यांचं तोंडच दिसतं सर, बाकी काही लक्षात राहत नाही. म्हणून तेवढंच काढलं." ग्रेड परीक्षेत 'स्मरणचित्र' नावाचा एक विषय असतो हे आम्हांस आठवले. ह्या मुलाने तो विषय परीक्षेविनाच उत्तम प्रकारे सोडविला होता आणि आम्ही त्याला शून्य गुण दिले होते. आम्ही त्याला तसे स्पष्ट सांगितले. शिक्षकाने विद्यार्थ्यापुढे चूक कबूल करण्याचे प्रसंग थोडे येतात, व त्यासाठी आधी थोडे पाणी प्यावे लागते.

त्याच्या वडिलांचीही गाठ घेतली. दहावीच्या वर्षात चित्रकलेत वेळ गेला तर गुण कमी होतील ही त्यांची चिंता, आणि ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही; ज्याच्या घरी ऊस तोडणीचा हिशेब डोक्यात ठेवून दिवस काढावे लागतात त्याला कागदावरील रेघांचे मोल पटकन कळावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. आम्ही त्यांना सरवटे ह्यांची हकीगत सांगितली. ते सिमेंट कंपनीत अभियंता होते, नोकरी सांभाळूनच एवढे मोठे काम करून गेले, हेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग सर, आधी इंजिनियरच होऊ द्या की." ह्याला आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते. बरेच बोलणे झाल्यावर असे ठरले की ह्या वर्षी इंटरमिजिएटचा अर्ज भरावा, रविवारी उपासनेनंतर आमच्या घरी येऊन एक तास चित्र काढावे, आणि गणिताची एक प्रश्नपत्रिका आमच्या देखत सोडवावी. तिसरी अट वडिलांची होती.

पहिल्या रविवारी काय काढावयाचे हे ठरले नव्हते. तेव्हा तो म्हणाला की, तुम्हीच बसा. लेखक म्हणावे इतके आम्ही काही लिहिलेले नाही. ह्या वार्षिकातील पाने सोडल्यास दुसरी पुंजी नाही. तरी बसलो. तासभर त्याने आमच्याकडे फारसे पाहिले नाही. आम्हांसच बोलते ठेवले, आणि मधूनमधून कागदावर हात फिरविला. त्या चित्रात कपाळ संपता संपत नाही आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला आहे. स्वयंपाकघरातून आमची धाकटी कन्या बाहेर आली, तिने लांबूनच कागदाकडे पाहिले व पदर तोंडाला लावून आत पळाली. चित्राखाली नाव लिहिलेले नव्हते.